पोवाडा आणि लावणी



परभणीत दरवर्षी 2 फेब्रुवारीपासून हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस भरतो. अशा उरुसात कव्वालीच्या चार ओळी दुरून कानावर आल्या, तरी ही कव्वाली आहे हे तुम्ही लगेच ओळखता. तीच रचना एकट्या गायकाने संथपणे गायिली, तर तुम्ही तिला गझल म्हणाल. हा फरक तुम्हांला कोणी शिकवला नाही. तो कानांनी शिकवला. आता मराठीतील पोवाडा आणि लावणी यांतील फरक समजून घेऊ या.

ही दोन्ही गीते रचणाऱ्याला शाहीर म्हणतात. हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. अरबीतील 'शाइर' मराठीत आला आणि 'शाहीर' झाला. शाहिराच्या हातातील डफही 'दफ' या नावाने तुम्हांला माहीत आहे.

पोवाडा म्हणजे पराक्रमाची गोष्ट सांगणारे गीत. शाहीर उभा राहून, डफावर थाप मारून खड्या आवाजात गातो. मागे उभे असलेले साथीदार सूर धरतात. त्यांना झीलकरी म्हणतात. मध्येच शाहीर गाणे थांबवून चार वाक्ये बोलतो आणि कथा पुढे नेतो. 1670 मध्ये तानाजी मालुसरे यांनी सिंहगड जिंकला. त्यावर तुळशीदास शाहिराने रचलेला पोवाडा प्रसिद्ध आहे.

लावणीचे तसे नाही. लावणी एखादा भाव घेते आणि तोच खुलवते. रुसवा, विरह, प्रेम असे तिचे विषय असतात. ध्रुपद पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी नवा रंग भरते. तिला ढोलकी आणि घुंगरांची साथ असते. फडावरची लावणी नाचून सादर करतात. बैठकीची लावणी बसून, केवळ हावभावांनी रंगवतात. पण लावणी म्हणजे फक्त शृंगार नव्हे. भक्ती, वैराग्य आणि कोडी घालणाऱ्या लावण्याही आहेत.

मग वाद्यांवरून फरक ओळखावा का? त्यात फसण्याचा संभव आहे, कारण तुणतुणे दोन्हींत वाजते. त्यापेक्षा गीत संपल्यावर स्वतःला विचारा: माझ्या मनात काय उरले? घडलेली हकीकत उरली, तर तो पोवाडा. एखादा भाव उरला, तर ती लावणी.

पोवाडा थोर आणि लावणी हलकी, असे काही लोक मानतात. हे बरोबर नाही. रामजोशी, अनंतफंदी, प्रभाकर आणि सगनभाऊ या शाहिरांनी पोवाडेही रचले आणि लावण्याही रचल्या. सगनभाऊ मुसलमान होते. शस्त्रांना धार लावणारे शिकलगार हे त्यांचे घराणे. त्यांच्या लावण्या मराठी साहित्यात आजही मानाने वाचल्या जातात.

असा वाद परदेशातही चालतो. तिकडे पॉप आणि रॉक असे दोन प्रकार आहेत. पॉपमध्ये सहज ओठांवर बसणाऱ्या चालीला महत्त्व असते. रॉकमध्ये इलेक्ट्रिक गिटार, ड्रम आणि जोरकस आवाज पुढे असतो. पण इंग्लंडच्या 'बीटल्स' या मंडळींची नावे दोन्हींकडे घेतली जातात. गाण्याचे प्रकार वेगळे असतात, कलावंत मात्र एकच असू शकतो.

शाहिरी जुन्या काळातच संपली नाही. बार्शी येथे 1916 मध्ये जन्मलेले अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या पहाडी आवाजाने सभा गाजल्या. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य झाले, त्यामागे अशा शाहिरांचेही कष्ट होते. मराठी ही तुमच्या शाळेत दुसरी भाषा असेल, पण तिच्या गाण्यात सगनभाऊ आणि अमर शेख यांचा आवाज पहिल्यापासून मिसळलेला आहे. ही गाणी परकी समजू नका. आधी ऐका, मग मत बनवा.

स्वाध्याय

1. झीलकरी कोणाला म्हणतात?
2. पोवाडा आणि लावणी यांतील दोन फरक लिहा.
3. केवळ वाद्यांवरून गीताचा प्रकार का ओळखता येत नाही?
4. उपक्रम: घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या लहानपणीचे एक गाणे विचारा. त्यात गोष्ट आहे की भाव, ते पाच वाक्यांत लिहा.