अवघड वाट विचारताना

संगमनेरच्या माणसाला हरिश्चंद्रगड घरचाच वाटतो. अकोले, राजूर करत पाचनईला पोचलं की दोन-अडीच तासांच्या चालीत हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ येतं. आमच्याकडची पोरंटोरं तिथे जाऊन येतात. नळीची वाट त्याच गडाची, पण पश्चिमेच्या अंगाची. तिच्यासाठी आळेफाटा, ओतूर असं जाऊन माळशेज घाट उतरायचा, पायथ्याच्या बेलपाड्यात मुक्काम टाकायचा आणि गडाच्या कोकणकड्याला लागून असलेल्या नाळेतून, म्हणजे कड्यांमधल्या घळीतून, हजार मीटरच्या वर चढ काढायचा. पाचनईची सगळी ओळख बेलपाड्यात निरुपयोगी ठरते. तिथे आपण परकेच.

मी गेलो तो पैसे भरून, एका गटाबरोबर. जाहिरातीत वाट ‘अतिकठीण’ होती आणि मला तेच हवं होतं. वाट अवघड होतीच, पण आम्हाला भोवली ती गर्दी. नाळ अरुंद, पायाखाली सुटे धोंडे. पुढच्याच्या पायाने सुटलेला दगड मागच्याकडेच येतो, त्याला दुसरी जागाच नसते. त्यात पहिल्या कातळटप्प्यावर दोर एकच. सगळे त्याच्या खाली रांग लावून उभे, म्हणजे नेमके जिथे उभं राहू नये तिथे. एक दगड आमच्यातल्या एकाच्या खांद्यावर बसला. पश्चिमेकडची नाळ सकाळी सावलीत असते आणि दुपारनंतर तापते. रांगेत दुपार झाली, पाणी संपलं आणि माथ्यावर पोचेपर्यंत अंधार पडला. खांदा मोडला नाही, एवढंच नशीब.

त्यानंतर कुठल्याही नव्या मुलखात गेलो की ‘इथली सगळ्यात अवघड वाट कुठली?’ हा प्रश्न मी विचारत नाही. त्याचं उत्तर हमखास मिळतं आणि त्यातून काहीच कळत नाही. बर्फावर घसरायला जाणाऱ्यांच्या जगात उतारांना हिरवा, निळा, काळा असे रंग दिलेले असतात. तिथले जाणकार सांगतात, की रंग त्या त्या डोंगरापुरताच खरा. एका ठिकाणचा काळा उतार दुसरीकडे त्याहून सोप्या रंगात बसू शकतो. आपल्याकडे ‘कठीण’ हा शिक्का तर जो तो आयोजक आपल्या मनाने मारतो.

म्हणून आधी हे पाहावं, की वाट कशामुळे अवघड आहे. अलंग, मदन, कुलंग या किल्ल्यांची नावं एका दमात घेतली जातात. पण अलंग आणि मदनच्या वाटेवर पायऱ्या तुटलेल्या आहेत. तिथे दोर, हार्नेस आणि दोर सांभाळणारा जाणता माणूस लागतो. कुलंगला दोराचं काम नाही, तिथे कस लागतो तो दमाचा. साम्रदच्या सांदण दरीत चढायचं नसून दोरावरून उतरायचं असतं. एकदा खाली गेलं की कोकणात निघायचं आणि करोली घाटाने परत चढून यायचं. पावसाळ्यात तर त्या घळीत पाऊलही टाकू नये, कारण पाणी आलं तर बाजूला सरकायला जागा नाही. आणि कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर; पण बारीहून जाणाऱ्या वाटेवर कड्यांना लोखंडी शिड्या आहेत. नुसत्या उंचीवरून अवघडपणा कळत नाही.

नव्या ठिकाणी माझा पहिला दिवस आता सोप्या वाटेचा असतो. अवघड वाट जिथे माथ्यावर निघते तिथे सोप्या बाजूने जायचं आणि वरून नीट पाहायचं. कोकणकड्यावर पालथं पडून खाली बघितलं तर नाळांचे फाटे, झाडोरा, सावली कुठवर आहे, हे बरंच कळतं. मोबाइलमधला कुणाचा तरी ट्रॅक हे सांगत नाही. शिवाय उंच कड्यांच्या मधे उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून येतो आणि ठिपका काही मीटर सरकतो. उघड्या माळावर त्याने बिघडत नाही. नाळेला दोन तोंडं फुटतात तिथे तेवढ्याने चुकीच्या तोंडात शिरता.

मग वाडीवर चौकशी. इथे प्रश्न बेताने विचारावा लागतो. ‘वाट आहे का?’ म्हटलं तर ‘हाये की, जाती’ असं उत्तर येतं, आणि ते खोटं नसतं. डोक्यावर भारा घेऊन चढणाऱ्या माणसाच्या हिशोबाने ती जातेच. त्यापेक्षा ‘गुरं उतरतात का?’ असं विचारा. गुरं उतरत असतील तर दोर लागणार नाही. उतरत नसतील तर कुठून मागे फिरतात ते विचारा, तुमचा कातळ तिथे आहे. ‘या पावसाळ्यानंतर कोण जाऊन आलं?’ हेही विचारायचंच, कारण दर पावसाळ्यात दरड कोसळून नाळेतली वाट बदलते. शेवटचं पाणी कुठे, मधूनच बाहेर पडायला फाटा आहे का आणि कड्याला आग्या मोहोळ कुठे लागलंय, ही उत्तरं मिळाल्याशिवाय निघू नका. मोहोळाखाली विडी नको, अत्तर नको, आरडाओरडा तर नकोच.

गटाबरोबर जात असाल तर पैसे भरण्याआधी माणसं किती, दोर किती आणि कातळटप्प्यावर थांबायचं कुठे, हे विचारा. उत्तर देताना समोरचा कंटाळला तर मी जाणार नाही.

आणि वाटाड्या गावातलाच घ्या. त्याला निघायच्या आधीच सांगून ठेवा, की अर्ध्यातून परत फिरलो तरी मजुरी पूर्ण मिळेल. नाहीतर आभाळ भरून आलेलं दिसत असूनही तो तुमच्यासाठी आणि पैशासाठी पुढे चालत राहील.