बौद्धिक संपदा कायद्यातील इंटर्नशिप : नाव मोठे की काम मोठे?

बौद्धिक संपदा म्हणजे बुद्धीच्या निर्मितीवर कायद्याने मान्य केलेले हक्क. त्यांत शोधासाठी पेटंट, व्यापारी नाव व बोधचिन्हासाठी ट्रेडमार्क, लेखन-संगीतासाठी कॉपीराइट आणि पैठणीसारख्या विशिष्ट प्रदेशाशी नाते असलेल्या मालासाठी भौगोलिक मानांकन यांचा समावेश होतो. या हक्कांचे काम पाहणाऱ्या लॉ फर्ममध्ये मुलाला इंटर्नशिप मिळावी असे वाटणाऱ्या पालकांचे लक्ष बहुधा फर्मच्या नावाकडे आणि अखेरीस हाती पडणाऱ्या प्रमाणपत्राकडे असते. परंतु विद्यार्थ्याने केलेला मसुदा वरिष्ठ वकील वाचून, खोडून, दुरुस्त करून परत देतात की नाही, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे, आणि चार टेबलांच्या छोट्या कार्यालयात त्याचे उत्तर होकारार्थी असण्याचा संभव पुष्कळदा अधिक असतो.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार विधी शाखेच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप आवश्यक असते. ती एका वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक करता येत नाही आणि न्यायालयात वकिली करणाऱ्यांकडेही एकदा तरी काम करावे लागते, त्यामुळे सगळे आठवडे एकाच आवडत्या फर्ममध्ये काढण्याचा बेत नियमांत बसत नाही.

प्रत्यक्ष कामाचा मोठा भाग शोधाशोधीचा असतो. पेटंटच्या बाबतीत तिला प्रायर आर्टचा शोध म्हणतात. प्रायर आर्ट म्हणजे अर्जाच्या आधीच जगाला ठाऊक असलेले ज्ञान, आणि ते सापडले तर शोधाचे नावीन्य उरत नाही. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगासाठी अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, ते डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांतील व शोधनिबंधांतील लेखी पुरावे तेथील पेटंट कार्यालयापुढे मांडल्यामुळे. घरोघरी ठाऊक असलेली गोष्टही कागदावर दाखवावी लागते, हे ज्याला उमगले त्याला इंटर्नच्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामाचे वजन कळते.

ट्रेडमार्कमध्ये हाच शोध नावांचा असतो. माल व सेवांच्या ४५ वर्गांपैकी योग्य वर्ग निवडून, उच्चाराने वा दिसण्याने मिळतेजुळते चिन्ह आधीच नोंदलेले आहे का, हे पाहावे लागते, आणि ट्रेडमार्क रजिस्ट्रीने अर्ज तपासून परीक्षण अहवालात घेतलेल्या आक्षेपांना एका महिन्यात उत्तर द्यायचे असल्याने त्याचा पहिला मसुदा इंटर्नकडे येऊ शकतो. मुदतींची वही सांभाळणे हे येथे कारकुनी काम मानले जात नाही, कारण मुदत चुकली तर अर्ज सोडून दिल्याचे धरले जाऊ शकते.

पालकांना सहसा माहीत नसलेली बाब अशी की, पेटंटच्या क्षेत्रात येण्यासाठी कायद्याची पदवी अनिवार्य नाही. पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम १२६ नुसार २१ वर्षे पूर्ण केलेला, विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी असलेला भारतीय नागरिक पात्रता परीक्षा देऊन पेटंट एजंट होऊ शकतो; अर्ज तयार करणे व पेटंट कार्यालयापुढे बाजू मांडणे त्याला शक्य असते, न्यायालयात उभे राहणे मात्र नाही. ही परीक्षा दरवर्षी नेमाने होत नाही, म्हणून सारा भार तिच्यावर टाकू नये. रसायनशास्त्राच्या पदवीधराने फर्मकडे अर्ज करताना आपला प्रयोगशाळेतील अनुभव मागे ठेवून घाईने पाठ केलेली कलमे पुढे करणे हा उलटा व्यवहार होय.

इंटर्नने गोपनीयताही पाळायला हवी. पेटंट अर्ज सर्वसाधारणपणे १८ महिने प्रसिद्ध होत नाही, आणि तो दाखल होण्याआधीच शोध जगजाहीर झाला तर नावीन्य धोक्यात येते. म्हणून कामाच्या टेबलाचे एखादे हौशी छायाचित्र समाजमाध्यमावर टाकणेही अशिलाला महागात पडू शकते.

मुंबईत अँटॉप हिल येथे पेटंट कार्यालय व ट्रेडमार्क रजिस्ट्री असली, तरी अर्ज ऑनलाइन भरले जातात आणि अनेक सुनावण्या व्हिडिओ कॉन्फरन्सद्वारे होतात, त्यामुळे नागपूर किंवा कोल्हापूरच्या विद्यार्थ्याने मुंबईचे भाडे परवडत नाही म्हणून हे क्षेत्र सोडण्याचे कारण नाही. शिवाय ट्रेडमार्क अर्जांचे परीक्षण अहवाल व त्यांना दिलेली उत्तरे रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येतात. अशी वीस-पंचवीस उत्तरे घरी वाचून, त्यांतील दोन स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहून पाहणारा विद्यार्थी पहिल्या दिवशी कोऱ्या पाटीने कार्यालयात जात नाही.