एबीसीडीचे ‘गमभन’

गणपतीच्या सुमारास रेडमंडच्या शाळाही उघडतात. मग आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत एखादी तरुण आई हमखास विचारते, “ताई, आमचा चार वर्षांचा झाला, पण एबीसीडी लिहायला बसतच नाही हो! पुढच्या वर्षी किंडरगार्टन, कसं होणार?” बरीच वर्षे मी इथल्या एका प्री-स्कूलमध्ये शिकवते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. रांगेत उभ्याउभ्या सांगता येत नाही ते इथे लिहिते.

आधी काळजीबद्दल. वॉशिंग्टन राज्यात ३१ ऑगस्टपर्यंत पाच वर्षे पूर्ण झालेले मूल किंडरगार्टनला जाते. राज्याने २०११ साली स्वीकारलेल्या अभ्यास-मानकांतही किंडरगार्टनमध्ये ‘बरीचशी’ कॅपिटल आणि स्मॉल अक्षरे लिहिता यावीत, एवढेच म्हटले होते. सगळी अक्षरे पहिलीत. तेव्हा चौथ्या वर्षी बावन्न आकार घोटून घेण्याची घाई कोणालाच नाही, आपल्याखेरीज!

दुसरे म्हणजे आपण ‘ए’पासून सुरुवात करतो. मुलाच्या हाताला आधी उभी रेघ जमते, मग आडवी, मग गोल, मग फुली. तिरकी रेघ बरीच उशिरा येते. आणि ‘ए’मध्ये तर दोन तिरक्या रेघा! पहिल्याच अक्षराला हात अडला की मूल “मला येत नाही” म्हणून पेन्सिल टाकते. चार वर्षांच्या मुलाने स्वतःबद्दल असे ठरवून टाकणे मला अक्षर न येण्यापेक्षा फार वाईट वाटते.

आपल्या जुन्या पंतोजींना हे ठाऊक असावे. ‘अ’ वळणाला अवघड, म्हणून लिहायला सुरुवात ‘ग म भ न’ने होई. चौघांनाही उभा काना, एक आले की पुढच्याला आधार. इंग्रजीचेही असे गमभन आहे: एल, टी, आय, एफ, ई, एच. नुसत्या उभ्या-आडव्या रेघा. त्यानंतर सी, ओ यांसारखी गोल अक्षरे, आणि ए, के, व्ही, एक्स ही तिरकी मंडळी शेवटी. गाणे खुशाल एबीसीडीच्या क्रमाने म्हणावे, लिहिण्याचा क्रम वेगळा ठेवावा. अपवाद स्वतःच्या नावाचा. आर्याला ‘ए’च हवा असेल तर तिला थांबवू नका.

पण त्याही आधी बोटे तयार व्हायला हवीत. मोदकाच्या कळ्या पाडताना अंगठा आणि दोन बोटे जशी जुळतात, तशीच ती पेन्सिलीवर जुळतात. दूर्वा निवडणे, वाती वळणे, मटार सोलणे, रांगोळीची चिमूट सोडणे, सगळे त्याच कामाचे. आजी भारतातून आल्या असतील तर त्यांच्याकडे हा अभ्यासक्रम तयारच असतो! खडूचा मुद्दाम लहानसा तुकडा द्यावा. तो मुठीत धरताच येत नाही.

मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये बालगृह सुरू केले. त्यांच्या पद्धतीत मुले खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवीत. ही पद्धत मराठी मुलांपर्यंत नेण्यात ताराबाई मोडकांचा वाटा मोठा. गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापला आणि १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केले. महागड्या साधनांऐवजी त्यांनी शंख-शिंपले, खडे, बिया वापरल्या. आपल्या धूळपाटीचे तत्त्वही हेच. घरी ताटात मूठभर रवा पसरा आणि बोटाने ‘एल’ काढू द्या, वरून खाली. चुकले तर ताट हलवायचे, झाले कोरे. खोडरबर नाही, रडणे नाही.

आपल्या गावात घरटी दोन-तीन लॅपटॉप, शिवाय मुलाच्या हाती टॅब्लेट. त्यावर अक्षर टिचकीसरशी उमटते. इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांकडून काही अक्षरे हाताने लिहून घेतली, काही टाइप करून, काही गिरवून. मग ती अक्षरे पाहताना त्यांच्या मेंदूचे एमआरआय काढले. वाचनासाठी वापरले जाणारे भाग जागे झाले ते स्वतः हाताने लिहिलेल्या अक्षरांना. म्हणून ठिपक्यांवर गिरवण्याचे छापील कागद ढिगाने काढण्यापेक्षा कोऱ्या कागदावर मुलाने काढलेले वेडेवाकडे ‘टी’ जास्त मोलाचे.

मराठीही शिकवत असाल तर एक गंमत सांगा: मराठी अक्षरे दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी वरच्या रेघेला लटकतात, इंग्रजी अक्षरे खालच्या रेघेवर पाय रोवून उभी राहतात. मुलांना हे पटकन पटते.

डावखुऱ्या मुलाबद्दल आजी-आजोबांना एक विनंती. प्रसाद उजव्या हाताने घ्यायला जरूर शिकवा, पण लिहिता हात बदलायला लावू नका. कागद मात्र थोडा उजवीकडे कलता ठेवा, म्हणजे मनगट वाकडे होत नाही.

आणि स्मॉल ‘बी’चा ‘डी’ झाला, ‘एस’ उलटा पडला, तर घाबरू नका. सहा-सात वर्षांपर्यंत हे सर्रास दिसते. त्यानंतरही टिकले तर शाळेतल्या शिक्षकांशी जरूर बोला.