एडीएचडीची गोळी: डोस बसेपर्यंतचे आठवडे

परतूर आणि आसपासच्या गावांतले पालक अलीकडे दवाखान्यात एकाच तऱ्हेची अडचण घेऊन येतात. मूल आठ-दहा वर्षांचं. वर्गात बसत नाही, वही नेहमी अर्धी, सांगितलेलं काम दारापर्यंत जाईतो विसरतं. जालन्याच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या खासगी मनोविकारतज्ज्ञांना दाखवलं, त्यांनी नीट तपासून एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराचं, निदान केलं आणि गोळी सुरू झाली. पंधरा-वीस दिवसांनी आई विचारते, "फारसा फरक नाही, बंद करू का?" नाहीतर वडील सांगतात, "अर्धीनं बरं वाटलं, म्हणून आम्हीच एक केली."

दोघांनाही मी हेच सांगतो की पहिल्या चिठ्ठीवर उपचार ठरत नाही, तिथून तो सुरू होतो. तुमच्या मुलाला नेमका किती डोस लागेल हे तज्ज्ञालाही पहिल्या दिवशी ठाऊक नसतं. थायरॉइडचा डोस रक्त तपासून ठरवता येतो, एडीएचडीला तशी रक्ततपासणी नाही. वजनावरूनही पक्का अंदाज येत नाही. सारख्या वजनाच्या दोन मुलांना बरेच वेगळे डोस लागू शकतात. म्हणून कमी डोसनं सुरुवात करायची, काही दिवस पाहायचं, थोडं वाढवायचं, पुन्हा पाहायचं. या काळात घरातून आणि शाळेतून येणारी माहिती हाच तज्ज्ञाचा तपासणी अहवाल असतो. ती माहिती आली नाही, तर तो अंदाजावर चालतो.

याचा मोठा पुरावा अमेरिकेतून आला. १९९९ साली एमटीए नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सात ते नऊ वर्षांची ५७९ मुलं चौदा महिने उपचाराखाली होती. एका गटातल्या मुलांना पहिल्या २८ दिवसांत वेगवेगळे डोस देऊन, आईवडील आणि शिक्षकांच्या नोंदींवरून योग्य डोस ठरवला गेला. पुढे दर महिन्याला भेट झाली. दुसऱ्या एका गटाला नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊ दिलं. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश मुलांनाही औषध मिळत होतंच. तरी पहिल्या गटाचं लक्ष आणि वागणं स्पष्टपणे जास्त सुधारलं. औषध बहुतेक तेच होतं. फरक होता डोस बसवण्याच्या काळजीत आणि दर महिन्याच्या भेटीत. अभ्यासातली ही देखरेख संपली आणि तिसऱ्या वर्षाअखेर गटांमधला तो फरकही उरला नाही. आपल्या भागात सर्वांत जास्त कमी पडते ती नेमकी ही देखरेख.

आता गोळ्यांविषयी. आपल्याकडे मुख्यतः दोन औषधं वापरली जातात, मिथाइलफेनिडेट आणि अ‍ॅटोमॉक्सेटिन. त्यांची चाल अगदी वेगळी आहे. मिथाइलफेनिडेटचा परिणाम त्याच दिवशी दिसतो. साधी गोळी तीन-चार तास चालते, दीर्घकाळ चालणारी आठ ते बारा तास. ही दुसरी गोळी चावायची किंवा कुटायची नाही, नाहीतर सगळा डोस एकदम अंगात जातो. अ‍ॅटोमॉक्सेटिनला मात्र धीर लागतो. पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहूनही जास्त लागतात. आठवड्याभरात फरक नाही म्हणून ते सोडून देणं म्हणजे औषधाला संधीच न देणं.

'फरक नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा डोसापेक्षा वेळ चुकलेली असते. सकाळी साडेसातला साधी गोळी दिली आणि शाळा दहाला भरली, तर साडेअकराच्या सुमारास गणिताच्या तासाला गोळीचा जोर ओसरलेला असतो. ती गोळी मुलाच्या आंघोळीला आणि दप्तर भरण्याला उपयोगी पडली, वर्गात नाही. उन्हाळ्यात शाळा सकाळची झाली की हे गणित पुन्हा बदलतं. म्हणून तज्ज्ञाकडे जाताना शाळा कधी भरते, कधी सुटते, शिकवणी किती वाजता, मूल झोपतं कधी, हे लिहून न्या. कित्येकदा डोस तोच ठेवून वेळ बदलली किंवा दीर्घकाळ चालणारी गोळी दिली की काम होतं.

नोंद कशी ठेवायची? सगळ्याच खोड्या लिहायला जाऊ नका. तज्ज्ञाशी बोलून दोनच गोष्टी निवडा, उदाहरणार्थ फळ्यावरचं वहीत पूर्ण उतरतं का, आणि घरचा अभ्यास किती वेळा हाक मारल्यावर सुरू होतो. रोज एक ओळ पुरे. सोबत जेवण, झोप आणि संध्याकाळचा मूड. वर्गशिक्षकांना विश्वासात घ्या, लपवू नका. पण डोस कोणत्या दिवशी वाढवला ते त्यांना सांगू नका. "या आठवड्यात कसा होता?" एवढंच विचारा. न सांगता आलेलं मत जास्त खरं असतं.

एक गोष्ट मला फार कळकळीनं सांगायची आहे. गोळीनंतर मूल गप्प झालं, हसेना, खेळायला जाईना, एकाच ठिकाणी बसून राहिलं, तर घरात आणि शाळेत कधी कधी समाधानाचा सुस्कारा सोडला जातो. कृपा करून तसं करू नका. हे बहुधा डोस जास्त झाल्याचं लक्षण असतं. योग्य डोसवर मूल स्वतःसारखंच राहतं, तितकंच बोलकं, तितकंच खट्याळ, फक्त हातातलं काम पुरं करू शकणारं. खुलणं गेलं असेल तर लगेच तज्ज्ञाला कळवा.

भूक मंदावणं ही मिथाइलफेनिडेटची नेहमीची अडचण. दुपारची शाळेतली खिचडी तशीच राहते. यावर उपाय असा की गोळीच्या आधी पोटभर नाश्ता द्या. पोळी, दूध, अंडं, शेंगदाण्याचा लाडू, जे घरात असेल ते. आणि संध्याकाळी गोळीचा जोर ओसरल्यावर पुन्हा नीट जेवू घाला. त्याच वेळी तासभर चिडचिड वाढते. ते औषध उतरण्याचं लक्षण असू शकतं. मार न देता त्या तासात खेळायला सोडा, आणि वेळ मात्र वहीत लिहा. गोळी उशिरा दिली तर झोप उडते. डोकेदुखी, पोटदुखी पुष्कळदा पहिल्या काही दिवसांत कमी होते.

परतूरमधल्या तुमच्या नेहमीच्या डॉक्टरचा इथे मोठा उपयोग आहे. प्रत्येक वेळी डोस बदलल्यावर नाडी आणि रक्तदाब पाहायला हवा. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं वजन तीन महिन्यांनी, उंची सहा महिन्यांनी मोजायची. त्यासाठी दरवेळी रेल्वे पकडून जालन्याला जायला नको. इथे मोजून आकडे तज्ज्ञाला पाठवता येतात. फक्त मुलाच्या दंडाच्या मापाचा लहान पट्टा वापरायला सांगा. मोठ्यांच्या पट्ट्यानं मुलाचा रक्तदाब खोटा कमी दिसतो. धावताना चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणं, हे गोळी सुरू होण्याआधीच सांगा.

आता कायद्याचा भाग, कारण सगळ्यांत जास्त धावपळ त्यापायी होते. मिथाइलफेनिडेट औषध नियमांच्या अनुसूची 'एक्स'मध्ये येतं. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत औषध दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो, आणि ते विकायला दुकानाकडे वेगळा परवाना असावा लागतो. म्हणूनच कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं 'नाही' म्हटलं तर तो अडवणूक करत नसतो. मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हे औषध फोनवर किंवा व्हिडिओवर लिहून देता येत नाही. अ‍ॅटोमॉक्सेटिन त्या अनुसूचीत नाही. त्यामुळे तज्ज्ञाला योग्य वाटलं तर मधली एखादी भेट फोनवर होऊ शकते.

म्हणून पहिल्याच भेटीत मोकळेपणानं बोला. आम्ही परतूरहून येतो, दर महिन्याला मजुरी बुडते किंवा दुकान बंद ठेवावं लागतं, हे सांगण्यात कमीपणा नाही. औषध निवडताना ही गोष्ट विचारात घेणं योग्यच आहे. पुढची तारीख कोणती, मध्ये त्रास झाला तर कुणाला फोन करायचा, गोळी कोणत्या दुकानात नक्की मिळते, हे तिथेच लिहून घ्या. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी निघा. आणि एक फाइल ठेवा. तज्ज्ञ बदलायचा झाला तरी कोणत्या डोसवर काय झालं हे नव्या डॉक्टरला दिसलं पाहिजे, नाहीतर सगळे आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. खासगी खर्च झेपत नसेल तर उपचार सोडू नका. जालन्याचं जिल्हा रुग्णालय आणि संभाजीनगरचं घाटी रुग्णालय इथे मानसोपचाराची सोय आहे.

"सवय लागेल का?" हा प्रश्न आज्या हमखास विचारतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, लिहून दिलेल्या डोसात, तोंडानं घेतलेल्या गोळीनं मुलं व्यसनी होत नाहीत. धोका आहे तो गोळी हातोहात फिरण्यात. दहावी-बारावीच्या चुलतभावाला 'अभ्यासासाठी' एक देऊ नका. डबा कुलपात ठेवा.

काही वेळा थांबायचं नसतं. छातीत दुखलं, मूल बेशुद्ध पडलं, नसलेलं दिसू-ऐकू लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अ‍ॅटोमॉक्सेटिनवर पहिल्या आठवड्यांत मुलाच्या बोलण्यात मरणाचे विचार आले, किंवा डोळे-लघवी पिवळी झाली, तरीही तसंच. काही मुलांना क्लोनिडिन हे औषध दिलेलं असतं. ते मनानं एकदम बंद केल्यास रक्तदाब अचानक चढतो. रात्री-अपरात्री मनात घालमेल झाली तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीत, विनामूल्य बोलता येतं. डोस मात्र तिथून बदलून घेऊ नका.

मोठ्यांनाही एडीएचडी असतो. मुलाचं निदान होताना बापाला स्वतःचं बालपण ओळखीचं वाटणं नवं नाही. त्यांनी रक्तदाब, दारू, तंबाखू आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या तज्ज्ञाला न लपवता सांगाव्यात. गर्भधारणेचा विचार असलेल्या बाईनं तर आधीच.

वर्षातून एकदा गोळीची गरज अजून आहे का, हेही तपासायचं असतं. त्यासाठी काही दिवस ती थांबवून पाहायची झाली, तर वेळ तज्ज्ञाशी ठरवा, आणि जूनचे पहिले आठवडे टाळा. नवा वर्ग, नवे शिक्षक, नवी बाकं. त्या गडबडीत बिघडलं ते गोळी थांबल्यामुळे की शाळा बदलल्यामुळे, हे कुणालाच सांगता येणार नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर, शिक्षक मुलाला ओळखू लागल्यावर, ते जास्त नीट कळतं.