दहा गुंठ्यांचा लॉट आणि घराखालचे सोने

प्रश्न : मुलगा ऑस्ट्रेलियात कालगुर्लीला सोन्याच्या खाणीत इंजिनीयर आहे. तो आणि सूनबाई तिथे घर घ्यायच्या विचारात आहेत. परवा व्हिडिओ कॉलवर त्याने तिथल्या नगरपालिकेचा नकाशा उघडून घर दाखवलं. जागेचा नंबर, 1012 चौरस मीटर क्षेत्र, आकाशातून काढलेला फोटो, सगळं दिसलं. मालकाचं नाव मात्र कुठेच नाही. आमच्याकडे सातबारा हातात घेतला की आधी नाव बघतात. शिवाय हद्दीची रेषा चक्क शेजाऱ्याच्या छपरावरून गेलेली. मुलगा म्हणतो, काही होत नाही. मला मात्र घोर लागला आहे. आणखी एक शंका : गावच सोन्याचं, तर उद्या घराखाली सोनं निघालं तर ते कोणाचं?
— एक निवृत्त शिक्षक, इंदापूर तालुका

उत्तर : गुरुजी, सुरुवात त्या 1012 च्या आकड्यापासून करू. त्याचे गुंठे करून पाहा. एक गुंठा म्हणजे 101.17 चौरस मीटर, म्हणजे हा लॉट बरोबर दहा गुंठ्यांचा, पाव एकराचा. हा योगायोग नाही. इंग्रज मोजणीदार जगभर एकच साखळी घेऊन फिरले, गंटरची 66 फुटी साखळी. आपल्याकडे तिच्या निम्मी, 33 फुटांची साखळी वापरात आली. तिचे सोळा भाग केले आणि त्यांना आणे म्हटले. 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद जागा तो एक गुंठा. अशा चाळीस गुंठ्यांचा एकर. ऑस्ट्रेलियात घरासाठी पाव एकराचे तुकडे पाडण्याची चाल होती, म्हणून जुन्या वस्त्यांत हा 1012 चा आकडा पुन्हा पुन्हा भेटतो.

आणि हे पत्र इंदापुरातून यावे, याचे मला विशेष वाटले. मुंबई इलाख्याची जी जमीन मोजणी पुढे शंभर वर्षे आणि त्याहून जास्त टिकली, तिचा पाया गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी 1836 च्या सुमारास घातला तो तुमच्याच तालुक्यात. त्याआधीची प्रिंगल यांची आकारणी शेतकऱ्याला झेपली नाही, गावे ओस पडू लागली, म्हणून नव्याने मोजणी करावी लागली. तुमच्या शेताच्या जुन्या टिपणावर साखळी-आण्यात लिहिलेली मापे आणि मुलाच्या लॉटच्या जुन्या प्लॅनवरची मापे एकाच घराण्यातली आहेत.

आता नावाचे. घर घेणाऱ्याने हा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कालगुर्ली आणि बोल्डर ही दोन जोडगावे. 1989 मध्ये त्यांची एक नगरपालिका झाली, सिटी ऑफ कालगुर्ली-बोल्डर. ही नगरपालिका जो नकाशा दाखवते तो तिच्या स्वतःच्या कामाचा आहे. कोणता लॉट कुठे आहे, तो कोणत्या झोनमध्ये येतो, तिथे काय बांधता येते, वारसा इमारतींच्या यादीत आहे का, सांडपाण्याची नळी कुठून जाते, एवढेच तिला लागते. जागा कोणाची हे ठरवणे तिच्या हाती नाही. ते काम राज्याच्या लँडगेट या कार्यालयाचे. तिथे प्रत्येक लॉटचे एक टायटल असते; त्यावर मालकाचे नाव, बँकेचा बोजा, वहिवाटीचे हक्क, सगळे नोंदलेले असते. ठरलेली फी भरली की कोणालाही त्याची प्रत मिळते. म्हणजे नाव लपवलेले नाही, ते दुसऱ्या दप्तरात आहे.

या टायटलचे वजन आपल्या सातबाऱ्यापेक्षा वेगळे आहे. सातबारा हा मुळात महसुलाचा कागद. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 म्हणते की अधिकार अभिलेखातली नोंद खरी मानावी, पण उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणूनच आपला वकील तीस वर्षांचा सर्च घेतो, जुने फेरफार काढतो, वारसांची चौकशी करतो आणि वर्तमानपत्रात नोटीस देतो. तिकडे टॉरेन्स पद्धत आहे. रॉबर्ट टॉरेन्स हे अ‍ॅडलेडला जकात अधिकारी होते. जहाजाची मालकी जशी एका नोंदवहीत लिहिली की पक्की होते, तशीच जमिनीची का होऊ नये, या विचारातून त्यांनी 1858 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात कायदा आणला. पश्चिम ऑस्ट्रेलियाने 1874 च्या कायद्याने ती पद्धत घेतली. तिथे नोंदवहीत नाव चढले की मालकी झाली, आणि फसवणुकीसारखे मोजके अपवाद सोडले तर त्या नोंदीमागे सरकार उभे राहते. मागच्या सात पिढ्यांचे कागद धुंडाळावे लागत नाहीत.

तुम्ही मुलाला एक प्रश्न हमखास विचाराल : मूळ कागद कोणाकडे आहे? बँकेकडे की विकणाऱ्याकडे? तर पश्चिम ऑस्ट्रेलियात ऑगस्ट 2023 पासून टायटलची कागदी प्रत देणेच बंद झाले आहे. कपाटात जपून ठेवावा असा कागद आता राहिलेला नाही. लँडगेटची नोंद हाच मूळ कागद. आपल्या पिढीला हे पचायला जड आहे, मलाही गेले. पण कागद हरवला, वाळवीने खाल्ला किंवा भावाने दडपला म्हणून वर्षानुवर्षे कोर्टात घालवणारी घरे मी पाहिली आहेत. त्यापेक्षा हे बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

टायटल काढताना एक काळजी घ्यायला सांगा. पत्त्यातला घर नंबर आणि लॉट नंबर वेगळे असतात, जसा आपल्याकडे घर नंबर वेगळा आणि सिटी सर्व्हे नंबर वेगळा. टायटलवर लॉट नंबर आणि प्लॅन नंबर असतो. नगरपालिकेच्या नकाशाचा खरा उपयोग इथे होतो. पत्ता टाकायचा, लॉटवर बोट ठेवायचे, आलेला लॉट नंबर लिहून घ्यायचा आणि टायटलवरच्या नंबराशी ताडून पाहायचा. दोन्ही जुळले की मगच पुढे जायचे.

नकाशात लॉटवर बोट ठेवल्यावर जी माहितीची खिडकी उघडते, तिच्यात झोनपुढे एखादा आर20 सारखा शेरा दिसेल. तोही वाचून घ्यावा. राज्याच्या गृहबांधणी नियमांत आर20 असेल तर सरासरी 450 चौरस मीटरला एक घर असा हिशेब आहे. 1012 च्या लॉटवर मागे दुसरे घर बांधण्याची मुभा मिळू शकते. आर10 असेल तर सरासरी 1000 लागतात, तेव्हा दुसऱ्या घराचा विषयच संपला. एका अंकाने जागेची किंमत किती बदलते, ते पाहा.

आता तुमच्या झोपेचा प्रश्न, शेजाऱ्याच्या छपरावरची रेषा.

ती रेषा तशी दिसण्याला तीन कारणे असू शकतात आणि तिन्हींत शेजाऱ्याचा काही दोष नाही. पहिले, हवाई फोटो. विमान नेमके प्रत्येक घराच्या डोक्यावर नसते. बाजूने पाहिल्यावर उंच वस्तू कलल्यासारखी दिसते. जमिनीवरची भिंत जागेवर असते, पण छप्पर थोडे सरकलेले दिसते. दुसरे, रेषाच मुळात जुन्या कागदी प्लॅनवरून संगणकात उतरवलेल्या असतात. कागद आखडतो, फुगतो, उतरवणाऱ्याचा हात हलतो.

तिसरे कारण मला सगळ्यात विलक्षण वाटते. ऑस्ट्रेलिया खंड सरकतो आहे. ज्या भूपट्टावर तो बसला आहे तो दरवर्षी सुमारे 7 सेंटीमीटर ईशान्येकडे जातो. त्या देशाचे अक्षांश-रेखांश 1994 मध्ये जमिनीला जणू चिकटवून ठेवले होते. उपग्रहाला मात्र खंड सरकलेला दिसत राहिला. 26 वर्षांत हा फरक सुमारे 1.8 मीटर झाला, म्हणून 2020 ची नवी मांडणी आणावी लागली. एक थर जुन्या मांडणीतला आणि दुसरा नव्या मांडणीतला असे एकावर एक ठेवले, तर सगळ्या रेषा हातभर नव्हे, चांगल्या चार हात सरकलेल्या दिसतात. तुमच्या मुलाच्या स्क्रीनवर यातले कोणते कारण लागू आहे हे ओळखायची एक साधी युक्ती आहे. फक्त शेजाऱ्याच्या छपराकडे बघू नका, गल्लीतल्या सगळ्या घरांकडे बघा. सगळ्याच रेषा एकाच बाजूला तेवढ्याच सरकल्या असतील तर ती नकाशाची चूक. एकच रेषा वाकडी असेल तर जमिनीवर जाऊन बघायला हवे.

जमिनीवर म्हणजे कसे, ते तुम्हाला वेगळे सांगायला नको. आमच्या शेताची हद्द कायम मोजणी झाली तेव्हा मी शाळकरी होतो. मोजणीदाराने टिपण काढले, ओढ्याकाठचा बुरूज शोधायला दोघांना पाठवले, आणि तो माती-पानांखाली सापडेपर्यंत एक रेषही ओढली नाही. वडील अधीर झाले होते. मोजणीदार एवढेच म्हणाला, "नकाशा मला सांगतो कुठे खणायचं. हद्द दगड सांगतो." तिकडेही नियम तोच. नगरपालिकेच्या नकाशावर हद्द ठरत नाही. परवानाधारक सर्व्हेअर येऊन जुन्या खुणा शोधतो, खुंट्या रोवतो, आणि तीच हद्द. कुंपण नवे घालायचे असेल तर तिथल्या 1961 च्या कुंपण कायद्याने पुरेशा कुंपणाचा खर्च दोन्ही शेजाऱ्यांनी वाटून घ्यायचा असतो. त्यामुळे आधी शेजाऱ्याशी बोलणे, मग सर्व्हेअर, मग कुंपण असा क्रम ठेवावा. बांधावरून काय काय होते ते तुम्ही आयुष्यभर पाहिले आहे.

राहिले सोने. घराखाली सोने निघालेच, तर ते मुलाचे नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या 1978 च्या खाण कायद्याप्रमाणे, जमीन कोणाच्याही नावावर असो, सोने-चांदी सरकारचे. इतर खनिजांच्या बाबतीत 1 जानेवारी 1899 पूर्वी खासगी झालेल्या जमिनींना सवलत आहे, पण सोन्याला ती नाही. आपल्याकडेही महसूल संहितेच्या कलम 48 प्रमाणे खनिजांवर हक्क शासनाचाच सांगितला आहे. फरक असा की कालगुर्लीत हा प्रश्न कागदावरचा नाही. 1893 च्या जूनमध्ये पॅडी हॅनन आणि त्याच्या दोन साथीदारांना इथे सोने सापडले आणि त्यावरच हे गाव उभे राहिले. नगरपालिकेच्या नकाशात हवाई फोटोचा थर लावून मुलाला जरा पूर्वेकडे सरकायला सांगा. घरांच्या ओळी संपतात आणि साडेतीन किलोमीटर लांब, दीड किलोमीटर रुंद, सहाशे मीटरहून खोल असा पायऱ्यापायऱ्यांचा खड्डा सुरू होतो. तो सुपर पिट. एकेकाळी तिथे अनेक लहानमोठ्या खाणी शेजारी शेजारी होत्या. त्या एकत्र करून हा एक खड्डा झाला. गाव आणि खाण यांच्यातले अंतर त्या नकाशावर मोजपट्टीने मोजता येते. घर घेणाऱ्याने ते मोजावे.

सोने सरकारचे असले तरी म्हणून कोणी तुमच्या अंगणात कुदळ मारायला येणार नाही. 2000 चौरस मीटरपेक्षा लहान खासगी जागेवर मालकाच्या संमतीशिवाय खाणीचा हक्क देता येत नाही. पण एक पोटनियम आहे : जमिनीच्या पृष्ठभागापासून 30 मीटर खालचा भाग संमतीशिवायही दिला जाऊ शकतो. म्हणजे मालकीच्या घराखाली तीस मीटरवर दुसऱ्या कोणाचा खाणपट्टा असू शकतो. हे नगरपालिकेच्या नकाशात सापडेलच असे नाही. त्यासाठी राज्याच्या खाण खात्याचा स्वतंत्र ऑनलाइन नकाशा आहे, खाणपट्टे दाखवणारा. शिवाय जुन्या सोडून दिलेल्या खाणींच्या विहिरींची नोंद राज्याच्या भूवैज्ञानिक विभागाने ठेवली आहे. कालगुर्लीसारख्या गावात घर घेताना हे दोन्ही पाहिल्याशिवाय सही करू नये. मुलगा खाणीतलाच आहे, त्याला ते वाचता येईल.

जुने घर असेल तर वारसा यादीचा थरही बघायला सांगा. हॅनन स्ट्रीटवर 1897 चे पॅलेस हॉटेल आहे, 1908 चा टाउन हॉल आहे. रस्ता एवढा रुंद का, तर उंटांच्या तांड्याला वळता यावे म्हणून, असे सांगतात. त्या उंटांबरोबर आलेल्यांत तेव्हाच्या हिंदुस्थानातलेही पुष्कळ होते. 2010 च्या एप्रिलमध्ये 5 तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा बोल्डरच्या बर्ट स्ट्रीटवरच्या जुन्या विटांच्या इमारतींचे मोठे नुकसान झाले. जुनी भिंत असेल तर ती डोळ्यांनी तपासावी, नकाशा ती दाखवत नाही.

शेवटी एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगतो. मुले मागच्या अंगणात शेड किंवा शेवग्यासाठी खड्डा खणतील. पश्चिम ऑस्ट्रेलियात बहुतेक ठिकाणी सांडपाण्याचे काम राज्याची वॉटर कॉर्पोरेशन पाहते, पण कालगुर्ली-बोल्डरमध्ये ते नगरपालिकेकडे आहे. या गावाला प्यायचे पाणी 1903 पासून साडेपाचशे किलोमीटरच्या नळातून पर्थजवळच्या मुंडारिंगहून येते, म्हणून वापरलेले पाणीही शुद्ध करून मैदाने-बागांना देतात. ती सांडपाण्याची नळी कित्येक लॉटांच्या मागच्या बाजूने जाते आणि तिच्यावर बांधकाम करता येत नाही. तेव्हा कुदळ लावण्याआधी नगरपालिकेकडे नळीची जागा विचारावी, आणि बिफोर यू डिग ऑस्ट्रेलिया या सेवेवर पत्ता टाकून गॅस, वीज, टेलिफोनच्या तारा कुठे आहेत ते मागवावे. ही चौकशी फुकट आहे.