सामुदायिक भजन

भंडारा जिल्ह्यात जवाहरनगर नावाची वसाहत आहे. तेथे आयुध निर्माणी आहे. अशा मोठ्या कारखान्यात कोणतीही वस्तू एकट्याच्या हातून पुरी होत नाही. प्रत्येकाने आपले काम दुसऱ्याच्या कामाशी जुळेल असे केले, तरच ती सिद्ध होते. अनेकांनी मिळून गाण्याचेही तसेच आहे.

मिळून गाण्याच्या रीती निरनिराळ्या आहेत. पाश्चात्य वृंदगानात गायकांचे बहुधा चार गट असतात. स्त्रियांचे उंच व खालचे आवाज, तसेच पुरुषांचे उंच व खालचे आवाज. हे गट एकाच वेळी वेगवेगळे स्वर गातात व त्यांच्या मेळातून संगीत उभे राहते. मुंबईत व्हिक्टर परांजोती यांनी १९५६ साली असा एक वृंद स्थापन केला. आपल्या भजनी मंडळींची रीत निराळी आहे. एक जण पद सांगतो आणि बाकीचे तोच सूर धरून त्याच्यामागून म्हणतात. टाळकरी लय राखतात. पखवाज व पेटी साथ करतात. कधी अभंग, कधी गौळण, तर कधी भारूड रंगते. परंतु रीत कोणतीही असो, गाणाऱ्याला कंठाइतकाच कानही तयार ठेवावा लागतो. शेजाऱ्याचा सूर जो ऐकत नाही, त्याचा गोड आवाजही मेळ बिघडवतो.

विदर्भात मिळून गाण्याच्या या परंपरेला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी नवे तेज दिले. त्यांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी झाला. त्यांचे आवडते वाद्य खंजिरी. लाकडी कड्यावर कातडे ताणलेले आणि कडेला लहान झांजा बसविलेल्या, असे हे साधे वाद्य. त्याच्या तालावर ते मराठी व हिंदी भजने गात. त्यांत ईश्वराची भक्ती असे, तशीच गाव स्वच्छ ठेवण्याची, व्यसने सोडण्याची आणि अस्पृश्यता टाकण्याची शिकवणही असे. १९३५ साली त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. पुढे श्री गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांतून गावोगाव सामुदायिक प्रार्थना होऊ लागली. जातपात, गरीब-श्रीमंत हा भेद न पाळता सर्वांनी एकत्र बसावे व एका सुरात प्रार्थना म्हणावी, असा तिचा दंडक आहे.

या गाण्याचे सामर्थ्य इंग्रज सरकारलाही कळले. १९४२ च्या आंदोलनात महाराजांना अटक झाली. नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत त्यांना ठेवण्यात आले. परंतु तुरुंगात माणूस कोंडता येतो. हजारोंच्या मुखी असलेले गाणे कोंडता येत नाही. महाराजांची भजने लोक गातच राहिले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांचे देहावसान झाले. तथापि विदर्भातील खेड्यांत त्यांची भजने आजही खंजिरीच्या तालावर गायिली जातात.

मुलांनो, तुम्ही शाळेत प्रार्थना म्हणता, तेव्हा क्षणभर शेजाऱ्याच्या सुराकडे लक्ष द्या. आपला सूर त्याच्या सुरात मिसळा. दुसऱ्याचे ऐकून मग आपला आवाज देणे, हाच समाजात राहण्याचा पहिला धडा आहे.

स्वाध्याय
१. पाश्चात्य वृंदगान व भजन यांत कोणता फरक आहे?
२. मिळून गाणाऱ्याला कान तयार का ठेवावा लागतो?
३. तुमच्या गावातील भजनी मंडळाची माहिती मिळवा व ती दहा ओळींत लिहा.