मे महिन्यातली विहीर पाहून फेब्रुवारीत बी टाका

संक्रांत सरते, हरभऱ्याला घाटे धरतात, कांद्याच्या लागणी उरकतात. खरिपाची तूर निघून चार-दोन तुकडे मोकळे झालेले असतात आणि विहिरीला अजून चांगले पाणी असते. अशा वेळी प्रत्येक मोकळ्या तुकड्यात भाजीपाला लावावासा वाटतो. उन्हाळ्यात आवक घटते, लग्नसराई सुरू होते आणि भाव बरा मिळतो, हा अनुभव सगळ्यांच्या गाठीशी आहे. पण मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पंप पाऊण तासात पाणी सोडतो, तेव्हा भेंडी भर तोड्यात असते आणि दोडक्याचा मांडव फळांनी लगडलेला असतो. बियाणे, खत, ठिबक, मजुरी असा सगळा खर्च तोवर होऊन गेलेला असतो. पीक हातातोंडाशी आल्यावर पाण्यासाठी तळमळण्यापेक्षा आत्ताच, जानेवारी-फेब्रुवारीत, कागद-पेन घेऊन बसणे शहाणपणाचे आहे.

आधी पाणी मोजा

पाण्याचा अंदाज डोळ्यांनी घेऊ नका, मोजून घ्या. २०० लिटरचा ड्रम पंपाच्या नळाखाली ठेवा आणि भरायला किती सेकंद लागतात ते पाहा. ४८ सेकंदांत भरला, तर तुमचा पंप तासाला १५ हजार लिटर पाणी देतो. आता गेल्या वर्षीचा मे महिना आठवा. त्या वेळी विहीर सकाळी किती मिनिटे चालत होती? झरे भरून आल्यावर संध्याकाळी किती? दोन्ही वेळची मिळून ८० मिनिटे असतील, तर मे महिन्यात दिवसाला २० हजार लिटर पाणी तुमच्या हाताशी आहे.

आता पिकाची गरज पाहू. एक एकर क्षेत्रावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४ हजार लिटर. एप्रिल-मे महिन्यात फळांनी भरलेल्या भाजीपाल्याला ठिबकवरसुद्धा दिवसाला किमान ५ मिलिमीटर पाणी धरावे, म्हणजे एकरी २० हजार लिटर. हिशोबाने एक एकर बसले. पण गुरांना पाणी लागते, बांधावरच्या आंब्या-लिंबाला लागते, वीज एखाद्या दिवशी दगा देते. म्हणून चौथा हिस्सा बाजूला ठेवा. राहिलेल्या १५ हजार लिटरवर ३० गुंठे जगतात. मे महिन्यात यापेक्षा जास्त क्षेत्र उभे राहता कामा नये. पाटपाण्याने दारे धरत असाल, तर हे क्षेत्र आणखी कमी करा.

पाण्याबरोबर कमी होत जाणारे क्षेत्र

याचा अर्थ फेब्रुवारीतही तेवढेच लावावे असा नाही. फेब्रुवारीत पाणी जास्त असते, त्याचा उपयोग करून घ्या. पण तेव्हा लावलेल्या पिकांपैकी काही पिके पाणी आटण्याआधी शेतातून निघाली पाहिजेत. त्यासाठी एक एकराचे तीन भाग करा.

पहिला भाग १२ गुंठ्यांचा. यात काकडी, मेथी, कोथिंबीर अशी लवकर आटोपणारी पिके घ्या. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात टोकलेली काकडी ४०–४५ दिवसांत तोड्याला येते आणि एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत संपते. मेथी तर महिन्याभरात निघते.

दुसरा भाग १६ गुंठ्यांचा. यात भेंडी, दोडका, कारले किंवा दुधी. ही पिके मेच्या मध्यापर्यंत चालतील आणि खरा पैसा इथेच होईल.

तिसरा भाग १२ गुंठ्यांचा. यात गवार, चवळी आणि थोडी मिरची. गवार आणि चवळी उन्हाला दाद देत नाहीत, एखादी पाळी चुकली तरी तग धरतात. मिरची जपली तर पावसाळ्यात पुन्हा फुटते.

अशा आखणीत मे महिना उजाडताना २८ गुंठे उभे असतात आणि महिना सरताना १२. विहीर जसजशी खाली जाते, तसतसे क्षेत्रही आपोआप कमी होते. तुमचे आकडे वेगळे असतील, पण मांडणीची रीत हीच ठेवा.

कोणते पीक कोणत्या पंधरवड्यात

उन्हाळी भाजीपाल्यात आठ-दहा दिवस मागे-पुढे झाले तरी मोठा फरक पडतो. प्रत्येक पिकाची कारणे वेगळी आहेत, ती समजून घेतली की तारखा पाठ कराव्या लागत नाहीत.

*टोमॅटो:* लागवड जानेवारीअखेर आटोपा. दिवसाचा पारा ३५ अंशांच्या पुढे गेला आणि रात्रीही उष्ण राहू लागल्या की परागकण निकामी होतात आणि फूल गळते. उशिरा लावलेला टोमॅटो हिरवागार दिसतो, पण फळ धरत नाही. जे धरते त्याला कडक उन्हात लाल रंग नीट चढत नाही, फळ पिवळट राहते.

*वेलवर्गीय पिके:* काकडी, दोडका, कारले, दुधी यांच्या बिया जमीन थंड असेपर्यंत नीट उगवत नाहीत, कुजतात. पण फार उशीरही परवडत नाही. दिवस मोठा आणि ऊन कडक झाले की वेलीवर नर फुले वाढतात, मादी फुले कमी होतात. वेल पसरतो, फळ मात्र मोजकेच लागते. म्हणून २० जानेवारी ते १५ फेब्रुवारी हा काळ साधा. थंडी रेंगाळली असेल, तर प्रो-ट्रेमध्ये किंवा छोट्या पिशव्यांत रोपे करा आणि दोन खऱ्या पानांवर, साधारण १२ ते १५ दिवसांची असताना लावा. मुळाभोवतीची माती फुटू देऊ नका. वेलवर्गीय रोपांना मुळे दुखावलेली सोसत नाहीत.

*भेंडी:* फेब्रुवारीचा पहिला ते तिसरा आठवडा. बी रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत सुकवून टोका. परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी क्रांती, बंगळुरूच्या संस्थेची अर्का अनामिका ही परिचित सुधारित वाणे आहेत. अंतर उन्हाळ्यात थोडे कमी ठेवा, कारण झाड खरिपाइतके वाढत नाही. साध्या वाणाचे एकरी ४ ते ५ किलो बी लागते. संकरित वाणाला पाकिटावरचे प्रमाण पाहा. ४५–५० दिवसांत तोडा सुरू होतो आणि मग दिवसाआड तोडावी लागते. तोडायला माणसे नसतील, तर १६ गुंठ्यांतही भेंडी लावू नका. दोन दिवस उशिरा तोडलेली भेंडी जरड होते आणि झाडाचा पुढचा बहरही रोखते.

*गवार आणि चवळी:* फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चचा पहिला आठवडा. गवारीसाठी पुसा नवबहार, चवळीसाठी पुसा फाल्गुनी. दुसरीच्या तर नावातच पेरणीचा महिना आहे. बियाण्याला रायझोबियम चोळा. आधी कधीही शेंगवर्गीय पीक न घेतलेल्या जमिनीत त्याचा विशेष उपयोग होतो.

*मिरची:* रोप ३५ ते ४० दिवसांचे लागते. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात लावायची तर बी डिसेंबरअखेर, नाहीतर नवीन वर्ष लागताच टाकलेले हवे. ते राहून गेले असेल, तर खात्रीच्या रोपवाटिकेतून रोपे आणा. ५ फूट बाय सव्वा फूट अंतरावर एकरी सुमारे ७ हजार रोपे बसतात, म्हणजे ९८ कप्प्यांचे ७२ ट्रे. नांग्या भरण्यासाठी सात-आठ ट्रे जास्त घ्या.

*कोथिंबीर:* एकदम पेरू नका, दर ८–१० दिवसांनी दोन-दोन गुंठे पेरा. धने रगडून दोन भाग करा, १२ तास भिजवा आणि मग पेरा. उन्हाळ्यात कोथिंबिरीची उगवणच अवघड असते, म्हणूनच तिला भाव असतो. एप्रिलनंतरच्या पेरणीसाठी वर शेडनेट किंवा मांडवाची सावली द्या. पालक आणि मेथी मार्चनंतर लवकर फुलोऱ्यावर येतात. त्यांच्या जागी माठ किंवा राजगिरा पेरा.

आपापला मुलूख पाहा

निफाड, नाशिक पट्ट्यात जानेवारीत पारा खूप खाली येतो. तिथे वेलवर्गीय पिकांची थेट टोकण फेब्रुवारी लागल्यावरच करा आणि रोपांवर रात्री प्लास्टिकचे झाकण ठेवा. विदर्भात ऊन लवकर तापते, अकोला-चंद्रपूर भागात मार्चअखेरीस पारा चाळिशीला भिडतो. तिथे सगळे वेळापत्रक आठ-पंधरा दिवस अलीकडे ओढा. कोकणात भात निघाल्यावर जमिनीतल्या ओलीवर वाल-पावटा येतोच; पण जिथे विहीर किंवा ओढ्याचे पाणी आहे, तिथे दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण सदाबहार चवळी, कोकण तारा कारले, कोकण भूषण वाल ही वाणे घ्या. कोकणात थंडी बेताची असल्याने जानेवारीतही उगवण चांगली होते. तिथे आच्छादनाला भाताचा पेंढा घरचाच असतो.

जमीन, आच्छादन आणि वाऱ्याचा आडोसा

एकरी आठ-दहा टन पूर्ण कुजलेले शेणखत द्या. अर्धकच्चे शेणखत उन्हाळ्यात हुमणी आणि वाळवीला आमंत्रण देते. जिथे खरिपात टोमॅटो, मिरची किंवा वांगी होती, तिथे पुन्हा त्याच कुळातले पीक नको. तो तुकडा भेंडी, गवार किंवा काकडीला द्या. रासायनिक खत माती परीक्षणानुसार द्या. परीक्षण झाले नसेल, तर भेंडी आणि काकडीला एकरी ४० किलो नत्र, २० किलो स्फुरद, २० किलो पालाश धरा. नत्राचे तीन हप्ते करा. वेलींना नत्र जास्त झाले की पाने वाढतात आणि मादी फुले घटतात.

उन्हाळ्यात उघडी जमीन ठेवू नका. उसाचे पाचट, गव्हाचे काड, भाताचा पेंढा, जे हाताशी असेल ते पसरा. पाणी वाचते, तण दबते आणि मुळाशी गारवा राहतो. प्लास्टिकचा मल्चिंग पेपर वापरत असाल, तर चंदेरी बाजू वर ठेवा आणि रोपाचे छिद्र मोठे करा. लहान छिद्रातून गरम हवा थेट खोडावर येते आणि कोवळे रोप भाजते.

लागवडीच्या १५–२० दिवस आधी शेताच्या कडेने, निदान पश्चिमेला, मक्याच्या दोन ओळी लावा. गरम वारा अडतो आणि बाहेरून येणाऱ्या किडींनाही आडोसा होतो.

विषाणू रोग: उपाय लागवडीआधीच

२०२०च्या उन्हाळ्यात नगर, नाशिक, पुणे, सातारा भागांतल्या टोमॅटोवर ठिपके पडले, रंग उडाला आणि माल बाजारात न्यायच्या लायकीचा राहिला नाही. तपासणीत त्यात कुकुंबर मोझॅक विषाणू आढळला. हा विषाणू मावा पसरवतो. पांढरी माशी भेंडीचा पिवळ्या शिरांचा रोग आणि टोमॅटोचा पर्णगुच्छ आणते. विषाणू एकदा झाडात शिरला की कोणत्याही फवारणीने जात नाही, म्हणून औषधाच्या दुकानात त्यावरचा उपाय शोधू नका. उपाय आधीचा आहे: रोपवाटिकेवर बारीक जाळीची नेट, शेतात एकरी ८–१० पिवळे चिकट सापळे, बांधावरचे तण साफ आणि रोगट झाड दिसताच उपटून पुरणे. जुन्या पिकाशेजारी नवी लागवड करू नका. संपलेल्या काकडीचे वेल आठ दिवससुद्धा उभे ठेवू नका.

वेलींवर क्रॉप कव्हर टाकले असेल, तर मादी फुले दिसताच काढा, नाहीतर मधमाशी आत कशी येणार? फवारणीची वेळही फुलावरून ठरवा. काकडी आणि कारल्याची फुले सकाळी उमलतात, त्यांच्यावर फवारणी संध्याकाळी करा. दोडका आणि दुधीची फुले संध्याकाळी उमलतात, त्यांच्यावर फवारणी सकाळी फुले मिटल्यावर करा. फळमाशीसाठी क्यू ल्यूरचे एकरी ५ सापळे फुलोऱ्यापासूनच लावा आणि डंख मारलेली फळे बांधावर न टाकता खोल पुरा.

सगळे एका दिवशी नको

भेंडी, काकडी आणि कोथिंबीर दोन-तीन हप्त्यांत लावा. मार्चमधली गारपीट असो किंवा अचानक कोसळलेला भाव, एका तारखेला लावलेले सगळे पीक एकाच फटक्यात सापडते. हप्त्यांनी लावले तर एक भाग जातो, दुसरा उभा राहतो. मजुरांवरही ताण येत नाही आणि व्यापाऱ्याकडे रोज थोडा, पण ताजा माल जातो.

शेवटी एक विनंती. एक साधी वही करा. त्यात बी टाकल्याची तारीख, पहिल्या तोड्याची तारीख आणि दर आठवड्याला विहीर किती मिनिटे चालली ते लिहा. या वर्षी गेल्या मे महिन्याची विहीर आठवून हिशोब करावा लागला. पुढच्या संक्रांतीला ती वही उघडाल, तेव्हा किती गुंठे लावायचे याचे उत्तर तुमच्याच अक्षरात लिहिलेले असेल.